वन्सं, तुमचा उंदीर आणि माझा तेरडा

वन्सं,

चौथ्या दिवशी सकाळी आम्ही डोक्यावरून न्हालो, स्वयंपाकघर सारवलं, देवांना पाणी घातलं आणि तुमच्यातून मोकळे झालो. गुरुजींनी तसं सांगितलं. लग्न झालेली बहीण म्हणजे दुसऱ्या गोत्रातली, भावाला तिचं सुतक तीन दिवस. तेसुद्धा तुम्ही इथे, या घरात गेलात म्हणून. दुसरीकडे कुठे गेला असतात तर दीड दिवसात आटपलं असतं. गुरुजी माणूस सरळ आहेत, पोथीत आहे तेच त्यांनी सांगितलं, त्यांच्यावर माझा राग नाही. पण राग तर आलेला आहे आणि तो कुठेतरी काढायला हवा. तुमच्यावर काढायची मला सवय आहे, म्हणून तुमच्याशीच बोलते आहे.

कल्याणला तुमच्या दिरांकडे दहा दिवसांचं सुतक. शिवाय यंदा त्यांच्याकडे वर्षभर सण नाही, घरची सून गेली ना. तुमचे यजमान गेल्यावर ज्या घराने तुम्हाला चार महिनेसुद्धा धड ठेवून घेतलं नाही, ते घर वर्षभर गोडधोड करणार नाही. आणि नऊ वर्षं जिथे तुमच्या हातची भाकरी रोज ताटात पडली, तिथे उद्या मी दारात रांगोळी काढून गौर आणायची. हे तुम्हाला पटतं का? तुम्ही म्हणाल, पटतं. तुम्हाला असल्या गोष्टी पटायच्या, हेच तर आपलं भांडण होतं.

काल संध्याकाळी आपल्या दारात एक गोष्ट झाली, ती तुम्हाला सांगायची आहे. पण तिथवर पोचायला मला वेळ लागेल. "सुमती, तू ठाण्याला निघालीस की आधी कल्याणला जाऊन येतेस," असं तुम्ही मला म्हणायचात. तर आज थोडं कल्याणला जाऊन येते. बसा.

तुम्ही आलात त्या खरोखर कल्याणहूनच. उन्हाळा होता, दुपारची वेळ. कुंदा तेव्हा माझ्या कडेवर. हमालाच्या डोक्यावर काळी पत्र्याची ट्रंक आणि तुमच्या हातात फिरकीचा तांब्या. कल्याण ते डोंबिवली, मध्ये एक ठाकुर्ली, आणि तेवढ्यासाठी तुम्ही पाणी बरोबर घेतलेलं. मी गूळपाणी पुढे केलं तर म्हणालात, "आधी माझं संपवते." तांब्यातलं पाणी ओटीवर बसून शेवटच्या घोटापर्यंत प्यायलात आणि मग माझ्या हातचा गूळ घेतलात. मला वाटलं, अगं बाई, हे प्रकरण अवघड दिसतंय. यांच्या कानावर घातलंसुद्धा. हे म्हणाले, "तिने मला कडेवर घेऊन वाढवलंय. अवघड असली तरी इथेच राहील." एवढं बोलून वर्तमानपत्रात तोंड घातलं. आपल्या दोघींच्या बाबतीत तुमच्या भावाने नऊ वर्षांत अशी दोन-तीनच वाक्यं खर्च केली असतील.

मग घर हळूहळू तुमच्या हाताखाली गेलं. मी मीठ शोधायला जावं आणि मिठाच्या मागे चिंचेचा गोळा निघावा, चिंचेच्या मागे काड्यापेट्या, त्यांच्या मागे जुन्या लुगड्याच्या चिंधीत बांधलेली मूगडाळ. रेशनचे दिवस होते हे खरं, पण रेशन संपलं तरी तुमचं संपलं नाही. घरात जेवढी भांडी तेवढ्यांत पाणी. घंगाळ, कळशी, हंडा, अगदी कुंदाची भातुकलीची बादलीसुद्धा भरलेली. भाजी धुतलेलं पाणी अळवाला, तांदूळ धुतलेलं पाणी भांड्यांना. मी बाळकुमची, खाडीकाठची मुलगी. आमच्याकडे पाणी पायाखालीच असायचं, खारं का असेना. मला या सगळ्याचा वीट यायचा. एकदा पीठ काढायला डबा उघडला आणि पिठात पुरलेली खारकांची पुरचुंडी हाताला लागली, तेव्हा मी चिडून म्हटलं, "वन्सं, मागच्या जन्मी तुम्ही उंदीर होतात की काय?"

दुसरी कुणी असती तर आठ दिवस अबोला धरला असता. तुम्ही खारका हातात घेतल्या, एक मला दिलीत, एक स्वतः तोंडात टाकलीत आणि म्हणालात, "तिथला उंदीर असते तर चाललं असतं."

तिथला म्हणजे मारवाडातला. तुमचे यजमान तिकडे रेल्वेत होते. स्टेशन म्हणजे एक खोली, एक घंटा आणि चहूकडे वाळू. पाणीसुद्धा गाडीने यायचं, लोखंडी टाकीतून, आणि गाडी चुकली की पाणी चुकलं. पंधरा वर्षं तुम्ही तिथे काढलीत. मूल नाही, शेजार नाही, यजमानांची ड्यूटी. बोलायला कुणी नव्हतं म्हणून तुम्ही क्वार्टरच्या मागच्या पायरीवर बसून उंदीर बघायचात.

"तो उंदीर तू बघितला नाहीस," तुम्ही म्हणालात. "वाळूच्या रंगाचा. शेपटीच्या टोकाला काळा गोंडा. दिवसाढवळ्या बिळाच्या तोंडाशी दोन पायांवर बसतो, संध्येला बसल्यासारखा. काही हललं की मागच्या पायांनी जमीन बडवतो, की सगळे आत."

"आणि पाणी कुठून पितात?"

"पीत नाहीत."

"म्हणजे कमी पितात."

"म्हणजे पीतच नाहीत. पंधरा वर्षं बघितलं. टाकी गळायची तिथे डबकं साचायचं, चिमण्या यायच्या, शेळ्या यायच्या. हा कधी आला नाही. गवताचं बी खातो, मुळं खातो, त्यात ओल असेल तेवढ्यावर भागवतो. ऊन चढलं की खाली जाऊन बसतो, खाली गार असतं. कुणाकडे काही मागायला जात नाही."

तुम्ही हे असं सांगितलंत, की मला वाटलं, वन्सं एखाद्या नातेवाइकाबद्दल बोलताहेत. मग मी तुम्हाला पकडायला म्हटलं, "तर मग आपल्या माळ्यावरच्या उंदरांना पिंजरा कशाला लावता? तेही तुमचेच." तुम्ही म्हणालात, "हे चोर. तो गृहस्थ होता." त्यावर मी इतकी हसले की ठसका लागून खारकेचा तुकडा घशात अडकला. तुम्ही पाठीत बुक्के मारलेत आणि पाणी दिलंत. अर्धा पेला.

कुंदा चौथीत गेली तेव्हा शाळेतून प्रश्न आला. एक वनस्पती आणि एक प्राणी घेऊन तुलना करा. बाकीच्या पोरींनी वड आणि हत्ती, गुलाब आणि ससा असं काहीतरी घेतलं असणार. आपली कुंदा मला विचारायला आली, मी म्हटलं, तेरडा लिही. मग ती तुमच्याकडे गेली, तुम्ही म्हणालात, वाळवंटातला उंदीर. झालं. पोरगी पाटी-पेन्सिल घेऊन मध्ये बसली आणि आपण दोघी तांदूळ निवडायचे सोडून वादाला बसलो. तो वाद संपला कुठे? कुंदाला पुढच्या इयत्ता लागल्या तरी आपलं चालूच होतं.

माझं म्हणणं असं, की तेरड्याला कुणी लावत नाही, कुणी पाणी घालत नाही, तरी पाऊस पडला की माळ गुलाबी करून टाकतो. साठवणं त्याला ठाऊक नाही. शेंग पिकली की नुसतं बोट लागायचा अवकाश, सगळं बी चारी दिशांना उधळून देतो. जगावं तर असं. तुम्ही ऐकून घेतलंत आणि म्हणालात, "तुझा तेरडा मारवाडात एक दुपार टिकायचा नाही." मी म्हटलं, "तुमचा उंदीर आपल्याकडे आषाढात बिळातल्या बिळात बुडून मरेल." तुम्हाला ते पटलं. तुम्ही प्रामाणिक होतात, पटलं की मान हलवायचात. मग चार मुठी तांदूळ निवडून झाल्यावर सावकाश म्हणालात, "पण सुमती, तेरडा दिवाळीनंतर दिसत नाही, आणि आषाढात परत उगवतो. मधले महिने कुठे असतो?"

"बी असतं मातीत."

"मग साठवतोच की. स्वतःलाच साठवून ठेवतो."

हे मला सुचलं नव्हतं. पण मी हार मानणारी नाही. मी म्हटलं, "असेल. पण तो पळून जायची वाट ठेवत नाही. कुणी हात घातला की मुळासकट येतो, झटापट करत नाही."

"म्हणून तर त्याला उपटतात," तुम्ही म्हणालात.

कुंदाने शेवटी स्वतःच्या मनाने लिहिलं. साम्य या शब्दाखाली तिने लिहिलं होतं, 'या दोघांनाही कोणी लावलेले किंवा पाळलेले नाही.' बाईंनी त्याच्यावर लाल रेघ मारून 'विषय सोडून लिहिले आहे' असा शेरा दिला. कुंदा रडली. तुम्ही तिला म्हणालात, "बाईंना म्हणावं, आमच्या घरी या, विषय दाखवतो." मला आठवतंय, त्या दिवशी तुम्ही तिला शिरा करून घातलात आणि तूप कमी घातलं नाही.

पण पळून जायच्या वाटेवरून आपलं खरं भांडण झालं ते नंतर. तुम्ही मला उंदराचं बीळ कसं असतं ते सांगत होतात. त्याला तोंडं बरीच असतात, आणि एखादं तोंड वरून वाळूने बुजवलेलं असतं, बाहेरून दिसत नाही. साप आत शिरला की त्या पातळ थरातून डोकं काढून पसार व्हायचं. तुम्ही बोलत होतात आणि माझी नजर मागच्या दाराकडे गेली. तिथे खुंटीवर तुमचं गाठोडं होतं, दोन लुगडी आणि एक शाल बांधलेलं, आणि खाली तो फिरकीचा तांब्या, रोज सकाळी ताज्या पाण्याने भरलेला. किती वर्षं ते तिथेच होतं. मी समजत होते, वन्संची एक सवय. त्या दिवशी एकदम अंगावर आलं. तुम्ही निघायच्या तयारीत होतात. आल्या दिवसापासून रोज.

मी विचारलं, "वन्सं, इथे साप कोण आहे?"

तुम्ही म्हणालात, "कुणी नाही गं. असायला लागत नाही."

मला काय वाटलं ते मी तेव्हा सांगितलं नाही, ओरडले फक्त. म्हटलं, माझ्या हातून काय कमी पडलं ते सांगा. तुम्ही म्हणालात, काहीच नाही. म्हटलं, मग ते गाठोडं सोडा. तुम्ही म्हणालात, राहू दे, त्याने कुणाचं काय अडतंय. मी ते खुंटीवरून काढलं, लुगडी माझ्या कपाटात माझ्या लुगड्यांवर ठेवली आणि किल्ली कमरेला लावली. दुसऱ्या दिवशी किल्ली मी विहिरीवर जाताना ठेवून गेले तेवढ्यात गाठोडं परत खुंटीवर. मी परत सोडलं. तुम्ही परत बांधलंत. असं किती दिवस चाललं देव जाणे. शेवटी हे म्हणाले, तुम्हा दोघींना दुसरं काम नाही का. मग मी सोडून दिलं. पण मनातून सोडलं नाही, हे तुम्हालाही माहीत होतं. त्या घटकेपासून आपला वाद तेरडा आणि उंदीर यांचा राहिला नव्हता. तुम्ही या घरच्या की नाही, एवढाच तो होता.

एक मात्र कबूल करते, की तुमच्या साठवण्याला मी जे कंजूषपण समजत होते ते तसं नव्हतं. वैशाखात आळीची विहीर तळाला गेली, दोर सोडला तर घागर दगडावर वाजायची, त्या वर्षीची गोष्ट. समोरच्या इंदूताईंची सून बाळंत झालेली आणि घरात पाणी नाही. तुम्ही न विचारता हंडा उचललात आणि देऊन आलात. मग सगळी आळी आली. आपल्या घरातलं एकेक भांडं रिकामं झालं, कुंदाची बादलीसुद्धा. मी म्हटलं, "काय हो वन्सं, आज तेरडा झालात." तुम्ही रिकाम्या घंगाळावर झाकण ठेवत म्हणालात, "साठवायचं ते मग कुणासाठी?" आपण त्या दिवशी ताटं राखेने घासली आणि कोरड्या फडक्याने पुसली. तुम्ही मला शिकवलंत ते, मारवाडात सगळे तसंच करतात म्हणालात. अजून एखादं ताट मी तसं घासते.

आणि गौर. गणपती तुमच्या माहेरच्या गावच्या घरी असतो, डोंबिवलीला आपल्याकडे आली ती सासूबाईंची गौर. तिला मुखवटा नाही, पितळी मूर्ती नाही. माळावर जाऊन मुळासकट उपटून आणलेला तेरडा, त्याची मोळी बांधायची, तिलाच शालू नेसवायचा. उंबऱ्यावर तिचे पाय धुवायचे, म्हणजे ती मुळंच धुवायची, आणि मग तिला घरभर फिरवायचं. ही ओटी, हे स्वयंपाकघर, हा धान्याचा कोनाडा. सगळं तुझं, असं म्हणायचं. तीन दिवस माहेरपण.

दरवर्षी तेरडा चांगला कुठे आलाय ते तुम्ही शोधून ठेवायचात. चार दिवस आधी माळावर चक्कर मारून यायचात आणि मला सांगायचात, ओढ्याच्या पलीकडे मोठ्या दगडाच्या अंगाला बघ, तिथला टवटवीत आहे. पण आणायला कधी आला नाहीत. गौर दारात आली की तुम्ही मागच्या विहिरीवर. मी पहिल्या वर्षी काही बोलले नाही, रीत आहे म्हटलं. दुसऱ्या वर्षीपासून बोलायला लागले. मी म्हणायची, गौर म्हणजे कोण, माहेरी आलेली मुलगी. या घरात माहेरी आलेली मुलगी कोण, तुम्ही. मग तुम्हीच नाही आलात तर मी त्या झाडाचं कौतुक कशाला करू? एका वर्षी मी फारच मागे लागले, तुमचा हात धरून ओढलासुद्धा. तुम्ही हात सोडवून घेतलात आणि अगदी शांतपणे म्हणालात, "गौर तिसऱ्या दिवशी जाते, सुमती. म्हणून तिचं कौतुक."

मी एकटीच दारात जाऊन मुळं धुतली. 

या श्रावणात तुम्हाला ताप आला. डॉक्टर म्हणाले विषमज्वर, आणि वयही झालं होतं. मी पेज भरवायची, तुम्ही दोन चमचे घ्यायचात आणि मान फिरवायचात. हे कचेरीतून आले की तुमच्या पायथ्याशी बसायचे, पाय चेपत राहायचे. शेवटच्या आठवड्यात एकदा तुम्ही मला जवळ बोलावलंत. मला वाटलं, आता काहीतरी मनातलं बोलणार. तुम्ही विचारलंत, "गौरी कधी आहेत?" मी सांगितलं. तुम्ही मनाशी हिशेब केलात आणि म्हणालात, "मग काही अडचण नाही. मी त्या घरची. तुम्हाला तीनच दिवस. कल्याणला कळवा, दिवस ते करतील. आईची गौर चुकवू नका."

माणूस मरायला टेकलंय आणि आपल्या मरणाची कुणाला अडचण नको म्हणून पंचांग बघतंय. मी तिथून उठले आणि चुलीपाशी जाऊन बसले. पेज गरम करायची होती असं म्हटलं. खरं तर मला म्हणायचं होतं, वन्सं, चुलीत गेली ती गौर, तुम्ही राहा. ते राहिलं. दोन दिवसांनी तुम्ही पहाटे गेलात आणि ते कायमचं राहिलं.

तिसऱ्या दिवशी दुपारी कल्याणहून तुमचे दीर आले. नऊ वर्षांत पहिल्यांदा आपल्या ओटीवर बसले. अग्नी यांनी दिला होता. दीर म्हणाले, "पुढचं आम्ही करू. आमच्या घरची सून आहे ती." बोलणं अगदी रीतीचं, त्यात खोट काढायला जागा नाही. अस्थी घेऊन गेले. हे मान खाली घालून बसले होते. मी आत दाराआड उभी होते आणि मला बाहेर येऊन विचारायचं होतं, कुठल्या घरची? वन्संना पोळी कुठली आवडते ते सांगा बघू, करपलेली की मऊ. पण त्या दिवशी असलं कोण विचारतं.

चौथ्या दिवशी न्हाल्यावर मी यांना म्हटलं, यंदा आपल्याकडे गौर नाही. हे म्हणाले, "सुतक संपलं. सुतक नसताना आईची गौर मोडायची नाही." मी म्हटलं, संपलं असं कोण म्हणतं. म्हणाले, शास्त्र. मी म्हटलं, तुमच्या शास्त्राला विचारा, नऊ वर्षं वन्संनी कुणाच्या चुलीत फुंकर घातली.  मग हे म्हणाले, "तिचीच इच्छा होती, गौर चुकवू नका म्हणून. तूच सांगितलंस."

हे मात्र मला लागलं. कारण ते खरं होतं. तुमचं शेवटचं मागणं मोडू, की तुम्हाला परकं म्हणू? गेल्या दहा-बारा दिवसांत मी दोन्ही करून बघितलं. एक दिवस चिंच लावून गौरीची भांडी घासायला काढली, म्हटलं वन्संची आज्ञा आहे. अर्धी घासली आणि तशीच टाकून उठले. आज सकाळी एकटीच माळावर जाऊन आले. तेरडा यंदा भरपूर आहे, ओढ्याच्या दोन्ही अंगांना. तिथे उभी राहून मला वाटलं, कुंदाच्या बाईंनी उगाच रेघ मारली. कुणी लावलेलं नाही, कुणी पाळलेलं नाही, म्हणून हा कुणाचा नाही असं कसं म्हणायचं? मी दरवर्षी याला देवी म्हणून घरात नेते, तेव्हा तो कुणाच्या गोत्रातला असतो? तुम्ही असतात तर यावर काहीतरी बारीकसं बोलून मला गप्प केलं असतंत. मी वाट बघितली थोडी. मग परत आले. उपटला नाही एकही. उपटायची गरज नव्हती, कारण कालच काय ते झालं होतं. तेच आता सांगते.

काल दिवेलागणीला हे नुकतेच ठाण्याच्या कचेरीतून आले होते, ओटीवर बसून चपला काढत होते. मी आत कणीक मळत होते. समोरून इंदूताई आल्या. दरवर्षी आम्ही दोघी मिळून तेरडा आणायला जातो. त्यांनी पायरीवरूनच विचारलं, "सुमतीताई आहेत का? म्हटलं उद्या किती वाजता निघायचं ते ठरवू."

मी कणकेचे हात घेऊन उठले. जाऊन काय सांगणार होते ते माझं मला माहीत नव्हतं, खरंच सांगते.

मी दारापर्यंत पोचायच्या आत हे म्हणाले, "यंदा आमच्याकडे गौर नाही, इंदूताई. सुतक आहे."

इंदूताई बिचाऱ्या गोंधळल्या. त्यांना सगळ्या रीती पाठ. म्हणाल्या, "पण बहिणीचं तीन दिवसांचं ना हो? ते फिटलं की."

हे म्हणाले, "बहिणीचं फिटलं. हे घरातल्या माणसाचं आहे. ते वर्षभर आहे."

इंदूताईंनी माझ्याकडे बघितलं, मान हलवली आणि पदर डोळ्यांना लावून गेल्या. हे आत आले, माझ्याकडे न बघता हातपाय धुतले आणि म्हणाले, "वाढ." मी वाढलं.  हे ताटावरच बसून रडले, वन्सं, तोंडात भात तसाच ठेवून. लग्नाला इतकी वर्षं झाली, मी यांना रडताना बघितलं नव्हतं. मीही रडले, कुंदाही. उष्ट्या हातांनी तिघंही बसून राहिलो, हात वाळून गेले तरी कुणी उठेना.

उद्या आळीत घरोघरी गौरी येतील. आपल्या दारात रांगोळी नसेल, नैवेद्य नसेल. येणारी-जाणारी विचारतील, आणि मी प्रत्येकीला सांगेन, आमच्या घरातलं माणूस गेलंय. तुमचं शेवटचं म्हणणं आम्ही ऐकलं नाही. रागवायचं तर रागवा. पण आपला वाद मी जिंकले, वन्सं. तुमच्या भावाने मला जिंकून दिला. एकदा तरी म्हणा आता, सुमती, तुझंच खरं.